सुपाची पाठ

"हे देवाचं नाव नाही, अम्मा," पुजारी म्हणाले. "कुणा बाईचं आहे. राजव्वा."

मंगलाबाईंना वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. त्यांनी कानावरचा पदर मागे सारला. "पुन्हा वाचा बरं."

पुजाऱ्यांनी सूप खिडकीच्या उजेडात धरलं. पत्र्याचं सूप; विड्या वळताना बायका मांडीवर घेत तसलं. त्याच्या पाठीवर खिळ्यानं ओरखडलेली तेलुगू अक्षरं होती. वरची ओळ कशीबशी दिसत होती. खाली साठ वर्षांच्या हळदीकुंकवाचा घट्ट थर बसला होता.

"हे सूप राजव्वाचं. एवढंच लागतंय. पुढचं कुंकवाखाली गेलंय."

मार्कंडेय मंदिरामागच्या त्या खोलीत मंगलाबाईंचा मुलगा रविराज टेबलं मांडत होता. तेलंगणातून नाशकात विड्या वळायला आलेल्या आपल्या माणसांच्या वस्तू समाजानं जमवल्या होत्या. पानं कापायच्या कात्र्या, पानांच्या मापाचे पत्र्याचे फर्मे, भिजवलेली पानं गुंडाळायची गोणपाटं. उद्या त्या प्रदर्शनाचं उद्घाटन. प्रत्येक वस्तूपुढं चिठ्ठी हवी होती, आणि आईच्या देवघरातल्या सुपापुढं काय लिहायचं ते रविराजला कळेना. घरात सगळे तेलुगू बोलत, पण शाळा साऱ्यांची मराठी. अक्षरं वाचणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून त्यानं करीमनगरहून नुकत्याच आलेल्या पुजाऱ्यांना बोलावलं होतं.

"राजव्वा म्हणजे एखादी देवी असेल ना?" रविराजनं विचारलं.

"देवी कशाला विड्या वळेल?" पुजारी हसले. मंगलाबाईंचा चेहरा पाहून लगेच गप्प झाले.

मंगलाबाईंना काही उमगेना. कळायला लागल्यापासून त्या या सुपाला हात जोडत होत्या. आई, म्हणजे अंबूबाई, चुलीपुढून ओरडायची, "आधी सुपाच्या पाया पड, मग चहा." दोघा भावांना मात्र ती कधी म्हणाली नाही. एकदा छोट्या मंगलानं विचारलं, तर म्हणाली, "त्यांना नाही लागू. तुला आहे." मुलींचं काही व्रत असेल असं समजून मंगला पुढं कधी बोलली नाही. नाशकातल्या भद्रकाली भागातली चाळ सोडून सगळे 'विडी कामगार नगर' या नव्या वसाहतीत गेले, तेव्हा अंबूबाई एकटीच दोन वर्षं त्या गळक्या खोलीत राहिली. "कुणी शोधत आलं म्हणजे?" एवढंच म्हणायची. कोण येणार, ते सांगायची नाही. मंगलाच्या लग्नात तिनं पाठवणीच्या वेळी आधी सूप हातात दिलं, मग ओटी भरली. रविराजला लहानपणी कावीळ झाली, तेव्हा मंगलाबाईंनी याच सुपापुढं दिवा लावून सोळा सोमवार केले होते.

"मग इतकी वर्षं मी कुणाला हात जोडले?" त्या म्हणाल्या.

त्यांनी रविराजचा फोन घेतला आणि थोरल्या भावाला लावला. वाल्मीकअन्ना त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे. जुनं ठाऊक असलेलं घरात तेवढंच एक माणूस होतं.

"अन्ना, राजव्वा कोण?"

पलीकडं टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"सूप कुणी वाचलं?"

"पुजाऱ्यांनी. आधी मला सांग, कोण ती?"

"मंगला, ते घरी घेऊन जा. कुंकू पुसू नकोस." आयुष्यभर ज्यांनी नुसते हुकूम सोडले, ते अन्ना गयावया करत होते. "माझं एवढं ऐक. तू आमची लाडकी आहेस ना?"

फोन बंद झाला. मंगलाबाई आणखीच चक्रावल्या. लाडकी असण्याचा आणि या पत्र्याचा काय संबंध?

"आई, राहू दे," रविराज म्हणाला. "मी 'विडी वळायचं जुनं सूप' एवढंच लिहितो."

त्या सुपाकडे बघत राहिल्या. हा देव असेल, तर कुंकू पुसणं पाप. आणि देव नसेल, तर कुणा बिचारीचं बोलणं आपणच रोज बोटबोटभर झाकत आलो. शेवटी त्या उठल्या, समईतलं तेल वाटीत घेऊन आल्या आणि पदराचं टोक बुडवून घासायला लागल्या. आधी काही हलेना. मग पापुद्रे सुटले. बोटं लालभडक झाली. रविराजनं हात धरला, तो त्यांनी झटकला.

हळूहळू खालच्या ओळी वर आल्या. अक्षरं वेडीवाकडी, एकात एक घुसलेली.

"लिहिण्याची सवय नव्हती हिला," पुजारी पुटपुटले. त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवत मनातल्या मनात वाचलं. बोट शेवटी जाऊन थांबलं.

"वाचा ना, पंतुलु."

त्यांनी तेलुगूतच वाचलं. मंगलाबाईंना मराठीत सांगायची गरज नव्हती.

"अंबूबाई, गावाला जाऊन येते. आले की सूप नेईन, आणि माझी मंगला नेईन."