केसाएवढी भेग

बाबांच्या बासष्ट सालच्या अँबॅसडरचा मागचा अ‍ॅक्सल मी घासून तपासला. लाल द्रव लावून पुसला, वर पांढरी पावडर मारली, तेव्हा केसाएवढी तांबडी भेग स्पष्ट उमटली.

"बाबा, याचा दांडा बदला. अ‍ॅक्सल नव्याने बांधून घ्या."

"तुझी एमएस्सी ठेव बाजूला. तीस वर्षं काही झालं नाही त्याला. रंग मारून तोच बसवणार, बिल्कुल."

"अहो, तुटला तर चालत्या गाडीचं चाक निखळेल!" मी ओरडलेच. "आई बसते मागे. जीव जाईल तिचा!"

बाबा हसले.



"अगं, आई कशाला बसेल आता? गाडी विकलीय मी. रविवारी मुनिरक्यात राहणारे चार विद्यार्थी तिच्यातून मसुरीला निघालेत."