आप्पांचं ट्रंपेट

हिंदुरावांनी खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी ओढली, हेडफोन कानांवर चढवला आणि डोळे मिटून घेतले.

"हॉलमधी पंखा हाय की. हितं फोडणीच्या ठसक्यात कशाला बसताय?" मथुराबाईंनी विचारलं.

"हितं नेट चांगलं येतं," ते म्हणाले. झालं, लागली ट्रंपेटची समाधी!

हे खूळ त्यांच्या मुलानं, आदिनाथनं लावलं होतं. दिवाळीला तो पुण्याहून सोलापूरला आला तेव्हा वडलांसाठी हेडफोन घेऊन आला आणि स्वतःच्या खात्यावरून त्यांच्या मोबाइलवर एक अल्बम लावून दिला. स्मूद जाझ, म्हणे. पहिल्या संध्याकाळी तिघांनी तो मोठ्यानं ऐकला. मथुराबाईंना ट्रंपेट ठाऊक होतं ते वरातीतलं, कानाचे पडदे फाडणारं. हा बाबा मात्र घरात लेकरू निजलंय अशा बेतानं फुंकत होता. मागं पियानोचे चार-दोन थेंब, आणि सुपात ज्वारी पाखडावी तसा हलका ड्रम.

"लई मऊ वाजवतोय की," त्या म्हणाल्या होत्या. "तूप पाघळल्यागत."

रेल्वेतून निवृत्त झालेले हिंदुराव मुळातच मोजकं बोलणारे. आता तर दुपारचा चहा झाला की तासभर हेडफोन. मथुराबाई आधी चिडल्या. घरात माणसं दोन, त्यातलं एक कानाला कुलूप लावून बसलेलं. मग एके दिवशी शेंगदाणे भाजता भाजता त्यांच्या तोंडून गौळण निघाली, माहेरी केमला शिकलेली. दोन ओळी झाल्या आणि त्या दचकून थांबल्या.

नव्या नवरी होत्या तेव्हा अशाच एकदा भांडी घासताना गात होत्या. ओसरीवर पाहुणे बसलेले. सासरे सगळ्यांदेखत कडाडले, "घर हाय का तमाशाचा फड?" पाहुणे हसले. हिंदुराव तिथंच होते. त्यांनी मान खाली घातली. तेव्हापासून नवऱ्याच्या कानावर जाईल असं त्या कधी गायल्या नव्हत्या. त्यानं कधी विचारलं नाही, यांनीही कधी विषय काढला नाही.

आता त्यांनी हळूच वळून पाहिलं. हिंदुरावांचे डोळे मिटलेले. गुडघ्यावर एक बोट ठेका धरून हलत होतं. खात्री करावी म्हणून मथुराबाई मोठ्यानं म्हणाल्या, "तुमची थोरली बहीण लई चिक्कू हाय!"

काही नाही. पापणीसुद्धा हलली नाही.

"आन् तुमी काय कमी हाय व्हय?"

तरी काही नाही. मग त्यांनी पदर खोचला आणि अख्खी गौळण म्हटली.

त्यानंतर रोजचंच झालं. तिकडं ट्रंपेट, इकडं मथुराबाई. शेजारच्या काशम्मांनी खिडकीतून ऐकलं आणि थेट दारात आल्या.

"अक्का, एवढा गोड आवाज पिठाच्या डब्यात ठेवून काय करता हो? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला म्हणा की."

"नगं बाई. घरात कळलं तर?"

"बायकांचाच कार्यक्रम हाय. तुमच्या मालकांना कोण बोलवतंय?"

मथुराबाईंनी नाही-हो करत मान डोलावली आणि तयारीला लागल्या. मधेच एक दिवस घसा धरला. गरम पाणी पीत त्या गप्प बसून राहिल्या. दहा मिनिटांत हिंदुरावांनी हेडफोन काढून ठेवला.

"का हो?"

"आज मन लागंना."

"तेच तेच ऐकून दुसरं काय व्हनार? नवं कायतरी लावून घ्या."

"नको. हेच बरं हाय."

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी सोसायटीच्या हॉलमध्ये बायका गोळा झाल्या. मथुराबाई उभ्या राहिल्या. पदर दोनदा सारखा केला. मग त्यांनी नवरा मिटतो तसे डोळे मिटले. पहिल्या संध्याकाळचं ते ट्रंपेट आठवलं. कुणाला ऐकवायची घाई नसल्यासारखं वाजणारं. त्यांनीही आवाज तसाच मऊ सोडला. हॉलमधली कुजबुज थांबली. गौळण संपली तेव्हा काशम्मा पदरानं डोळे पुसत ओरडल्या, "अजून एक!" त्या एकाचे तीन झाले.

घरी आल्या तेव्हा चालण्यात वेगळाच झोक होता.

"लई उशीर?" हिंदुरावांनी विचारलं.

"वाण वाटता वाटता झाला की."

"बरं," म्हणून ते पिशवी घेऊन दूध आणायला गेले. चप्पल घालताना कसलीशी लकेर गुणगुणत होते, पण मथुराबाईंचं लक्ष कुठं होतं? कधी एकदा लेकाला सांगते असं त्यांना झालं होतं. त्यांनी आदिनाथला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सासऱ्यांचं ते बोलणंसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा.

"आन् हे बघ," शेवटी त्या म्हणाल्या, "आप्पांना यातलं कायबी सांगू नको. बिचारे ट्रंपेटात रमलेत. पर त्यांना दुसरा अल्बम लावून दे बाबा. दिवाळीपासून रोज तोच ऐकायलेत."

आदिनाथ हसायला लागला.

"आई, माझं ते खातं मार्गशीर्षातच बंद पडलं. आप्पांचा अल्बमही तेव्हाच गेला. मी त्यांना म्हणालो, नवीन लावून देतो, तर म्हणाले, 'काय गरज न्हाय. हितं त्याच्याहून गोड ऐकायला मिळतंय. फक्त तुझ्या आईला सांगू नको, न्हाईतर ती थांबंल.'"