बादलीचं प्रायश्चित्त

बादली चौदावी.

क्लेमेंटीनने दोर ओढला, पाणी केळीच्या रोपाला घातलं आणि ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर तिचा नवरा ज्युलियस पाय पसरून बसला होता आणि पंधराव्या बादलीसाठी वाक्य जुळवत होता.

"तुमच्या माहेरच्या आगाशीवाल्यांना केळी कळतात," तो म्हणाला, "पण सोललेली."

क्लेमेंटीन थबकली. "राग कानात आला," एवढंच म्हणून तिने बादली पुन्हा विहिरीत सोडली.

बादली पंधरावी.

हे सुरू झालं राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचा उपासकाळ लागतो त्या दिवशी. क्लेमेंटीन चर्चमधून आली ती कपाळावर राख आणि नवं प्रायश्चित्त घेऊन. आपण फार चिडतो, अशी कबुली तिने फादर सेबॅस्टियनना दिली होती. त्यावरचं प्रायश्चित्त तिने ओट्यासमोर उभं राहून ज्युलियसला ऐकवलं. राग आला की आधी तो अंगात कुठे आलाय ते ओळखायचं. ते मोठ्याने सांगायचं. मग एक बादली पाणी वाडीत घालायचं. मग हवं तर भांडायचं. ईस्टरपर्यंत.

ज्युलियसने बोलणं सोडलंच होतं. नाताळ झाल्यावर एकुलता एक मुलगा रुडॉल्फ कुवेतला गेला. जाताना केळीची साठ रोपं लावून गेला. त्याच आठवड्यात पाण्याचं इंजिन बंद पडलं आणि ज्युलियस ओट्यावर बसला तो बसलाच. रोपांनी माना टाकल्या. ती मेली तर हा माणूस काही उठत नाही, असं शेजारची उर्सुला कुंपणावरून त्याला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात बोलून गेली.

बादली पहिली. (गोष्टीत आधी यायला हवी होती.) ती कोंबडीमुळे. कोंबडीने वाळवण उधळलं, क्लेमेंटीनने "मानेत" असं जाहीर केलं आणि विहिरीवर गेली. ज्युलियसने ते पाणी मातीत जिरताना पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दोन महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं. कालवणात मीठ नाही, म्हणाला. मीठ होतं.

बादली दुसरी.

ज्युलियसच्या पोटात काहीतरी हललं. ते हसू होतं, हे ओळखायला त्याला संध्याकाळ झाली.

मग तो धंद्याला लागावा तसा लागला. सकाळी उठून वाडीत फिरायचा, कुठलं रोप सुकलंय ते बघायचा आणि तेवढ्या बादल्यांची बोलणी तयार ठेवायचा. तिच्या भावाच्या सायकलवर दोन. तिच्या कॉफीवर तीन. उर्सुलाचं माशाचं कालवण कसं असतं, या एका विषयावर एका शनिवारी एकोणीस. दाढी करायला लागला, कारण दाढीतून टोमणा नीट बाहेर पडत नाही. रुडॉल्फला पत्र लिहिलं: रोपं कमरेपर्यंत आली. आई रोज चिडते. देवाची कृपा.

झावळ्यांचा रविवार आला आणि त्याला घाम फुटला. आठवड्यावर ईस्टर. पावसाला अजून दोन महिने. तो तडक फादर सेबॅस्टियनकडे गेला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, बायकोच्या रागाचं प्रायश्चित्त जूनपर्यंत वाढवून मिळेल का. कबुलीतलं काही बोलता येत नाही, फादर म्हणाले. मग त्यांना हसू आलं, हसता हसता ठसका लागला, आणि त्यांनी त्याला हातानेच घराची वाट दाखवली.

तो वाडीत आला तेव्हा क्लेमेंटीन विहिरीवरच होती. तो अजून अवाक्षर बोलला नव्हता, तरी बादली भरून वर येत होती.

"क्लेमेंटीन, फादरांनी तुला काय प्रायश्चित्त दिलं होतं?"

"नमो मरियाची प्रार्थना, तीन वेळा."

"आणि बादल्या?"

तिने पाणी रोपाला घातलं.

"बादल्या माझ्या. दोन महिने तुमचं तोंड बंद होतं. आयतं पाणी मिळतंय म्हटल्यावर उघडाल, एवढी ओळख मला होती."