ट्यूबभर नदी

संत जुआंवच्या सणाच्या पहाटे फेस नदी सोडून गावात शिरला होता. पायऱ्यांवर, बाकांवर, कालच्या विझलेल्या शेकोटीवर त्याचे पांढरे ढीग बसले होते. वारा आला की त्यातला एखादा उठायचा आणि सावकाश रस्ता ओलांडायचा. त्या फेसातून म्हातारी झुल्मीरा काठी टेकत नदीकडे निघाली. मागे तिची मुलगी इवेत, हातात शाल घेऊन.

"आई, घरी परातीत पाणी भरून ठेवलंय. सगळं गाव परातीतच बघतं. तूही बघ ना."

"ते नळाचं पाणी. त्याला काय ठाऊक मी कोण ते?"

या दिवशी सूर्य उगवायच्या आत नदीत आपला चेहरा बघायचा, ही तिएते नदीच्या काठची जुनी रीत. दिसला तर माणूस पुढच्या सणाला असणार, नाही दिसला तर नाही. शहराच्या सांडपाण्याने नदीला फेस यायला लागला त्याला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली. तेव्हापासून नदीने कुणालाच चेहरा दाखवलेला नाही. तसं बघायला गेलं तर हे अख्खं गाव कधीच मरून गेलं आहे. ते मेलेलं गाव काल रात्री मनसोक्त नाचलं आणि मक्याची खीर खाऊन झोपलं.

झुल्मीरा मात्र दर वर्षी नदीवरच यायची आणि फेस बघून परत जायची. "हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही," असं घरी येऊन सांगायची. यंदा तिने त्या फेसाचा नवाच उपयोग काढला होता. सोमवारी शहरात तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरला तिने सांगून टाकलं, आधी नदीला विचारते, मग येते. नदी काही बोलणार नाही आणि आपल्याला जावं लागणार नाही, हा तिचा डाव इवेतने केव्हाच ओळखला होता. न्यायची बॅग अजून खाटेवर रिकामी पडली होती.

पायऱ्यांपाशी क्लोविसची होडी लागली होती. तो नदी साफ करणाऱ्या खात्याचा माणूस. महिन्यातून एकदा यायचा, बाटल्यांत पाणी भरून तपासायला न्यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट केस होते. त्याला आता अकरा वर्षं झाली.

"यंदा वास कमी झालाय की नाही, झुल्मीराबाई? वरचे दोन नाले बंद केलेत आम्ही. पुढच्या वर्षी बघा तुम्ही."

"तुमच्या खात्याचं पुढचं वर्ष कुठल्या कॅलेंडरात छापतात रे? माझ्याकडच्यात तर येतच नाही."

क्लोविस हसला. इवेतने त्याला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सोमवारचं सांगितलं. तो थोडा वेळ टक्कल खाजवत उभा राहिला. मग होडीतून ट्रॅक्टरची एक फुगवलेली ट्यूब काढली. कुणी पाण्यात पडलंच तर असावी म्हणून ती बरोबर असायची. शेवटच्या पायरीला लागून त्याने ती फेसावर ठेवली, दाबून बसवली आणि आतला फेस बादलीने उपसायला लागला.

एक बादली, दुसरी, सातवी. ट्यूबच्या आत काळं, गुळगुळीत पाणी उघडं पडलं. त्यात आभाळाचा एक गुलाबी तुकडा आला.

"अकरा वर्षांत एवढी नदी साफ केलीस होय!" झुल्मीरा म्हणाली.

"लवकर बघा. टिकायचं नाही हे."

इवेतच्या मनात आलं, उगाच सांगितलं आपण. आता चेहरा नाही दिसला, तर आई घरी जाईल, भिंतीकडे तोंड करून पडेल आणि पुन्हा उठणार नाही.

झुल्मीरा पायरीवर बसली. इवेतने तिला खांद्याला धरलं. म्हातारी पुढे वाकली, आणखी वाकली आणि तशीच राहिली. इवेतने बघितलं, तर आईने डोळे घट्ट मिटले होते.

नदी फेसाखाली कुठेतरी वाहत होती.

मग झुल्मीरा सरळ झाली. तिने इवेतची मान पकडली आणि लहान पोराचं तोंड धुवायला वाकवावं तशी तिला खाली वाकवलं.

"तू बघ. मी लहानपणी पुष्कळदा बघितलाय. तू एकदाही नाहीस बघितलेला."

इवेतने बघितलं. काळ्या पाण्यात एक बाई होती, केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी आलेलं. चव्वेचाळीस वर्षं या नदीच्या काठावर राहून इवेत त्या बाईला पहिल्यांदाच भेटत होती. इवेतला वाटलं, असंच बघत राहावं. पण खालून बुडबुडे आले, ट्यूबच्या कडेवरून फेस आत घसरला आणि बाई पांढरी होत होत गेली.

"दिसलीस?"

"दिसले, आई."

क्लोविसने घाईघाईने बादली उचलली. "थांबा, पुन्हा काढतो. आता तुम्ही..."

"राहू दे." झुल्मीरा काठीवर जोर देऊन उठली. घराच्या दिशेला तोंड करून उभी राहिली, इवेतने शाल गुंडाळून दिली. "चल गं, बॅग भरायचीय. सोमवार काही लांब नाही."

चार पायऱ्या चढून ती दम खायला थांबली. मागे न वळताच म्हणाली,

"क्लोविस, पुढच्या वर्षी मोठी ट्यूब आण. दोघींना बघायचंय."