लवंगेच्या वासाची नाणी

नशीब हवं असेल तर माणसाला घराबाहेर पडावं लागतं, हे थोर सत्य निवृत्त कंडक्टरसाहेबांना वयाच्या बासष्टाव्या वर्षी फुटपाथवरच्या एका नाण्याने पटवलं. डॉक्टर वर्षभर सांगून थकले होते, “रोज चाला, नाहीतर ही साखर एक दिवस पाय खाईल.” साहेब ढिम्म. आता मात्र रोज सकाळी स्वारी बाहेर पडायची आणि कालच्यापेक्षा थोडं पुढे एक नाणं सापडायचं.

आठव्या दिवशी पुलापाशी सापडलेलं नाणं त्यांनी जुन्या सवयीने बोटांत घोळवलं, तर लवंगेचा वास आला. घरातली चिल्लर बायको लवंगांच्या रिकाम्या डबीत ठेवायची. म्हणजे त्यांच्याइतकीच साखर असलेली आणि गुडघ्यांचं निमित्त सांगून जिनाही न उतरणारी ही बाई, ते घोरत असताना पुलापर्यंत जाऊन येत होती!

घरी येऊन ते म्हणाले, “अगं, पुलापर्यंतची नाणी संपवली मी. आता पुलापलीकडेच पडत असतील.”

“मग जा की उद्या पलीकडे. पाय काय भाड्याने आणलेत?”

दुसऱ्या दिवशी नाणं पुलापलीकडे होतं.

तीन महिन्यांत दोघांचीही साखर उतरली. डॉक्टरांनी त्याचं श्रेय नव्या गोळीला दिलं.