ताकदीची गोळी

"आज रंग टोचायचा नाही," म्हणत डॉक्टरांनी सुई ताटलीत परत ठेवली आणि महारुद्रच्या बायकोला, शिवकांताला, व्हरांड्यात बोलावलं.

तिचं डोकंच सणकलं. परंड्याहून कुर्डुवाडी, तिथून सोलापूर. ही तिसरी खेप. पहिल्यांदा गोळी चालू आहे म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा आठ दिवस गोळी बंद ठेवून दोघं आले, तर दवाखान्यात वीजच नव्हती.

"आता काय ऱ्हायलं वो डॉक्टरसाब?"

"यांचं रक्त तपासलं. दोन महिने ती गोळी घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी उतरतात. यांच्या जागच्या हलल्या नाहीत. गोळी देता ना?"

"म्या सोत्ता हातावर ठिवते. रोज सकाळी. तुमी बंद म्हणलाव की बंद. आताबी आठ दिस बंदच हाय."

"बाई, ती गोळी मूत्रपिंडाला जड. एक्स-रे फोटोसाठी शिरेतून देतो तो रंगही जड. दोन्ही एका अंगात भेटले तर माणूस हातचा जाईल. रोज देते म्हणता ते रक्तात दिसत नाही, मग बंद केली हे तरी कसं धरू? गोळी पोटात गेली की नाही, एवढंच खरं सांगा."

"किती बार तेच सांगू? माझ्या डोळ्यांदेखत घेत्यात!"

चिडून बोलताना तिला उमासा आला. ती खांबाला टेकली. आताशा तिच्या पोटात अन्न टिकत नव्हतं, फणीत केसांचे पुंजके यायचे. नवऱ्याच्या काळजीनं झिजली, असं शेजारणी म्हणत. खरंच होतं ते. त्रेसष्ट सालच्या वैशाखात मुंबईच्या डॉक्टरांनी महारुद्रच्या मानेतल्या गाठीला कॅन्सर म्हटलं, तेव्हापासून ते ओझं ती एकटीच वाहत होती. त्याला तिनं सांगितलं होतं, साधी सूज हाय, ही ताकदीची गोळी घ्या.

"मीच विचारतो त्यांना," डॉक्टर वैतागून म्हणाले.

"रोगाचं नाव काढू नका. तुमाला माझी आन हाय."

तिला घेरी आली. ती बाकावर बसली. डॉक्टर आत गेले आणि त्यांनी दार लोटलं.

महारुद्र सदरा काढून टेबलावर बसला होता.

"अप्पा, तुमच्या बायकोशी डोकं फोडून दमलो. तुम्ही सांगा. गोळी गिळता का?"

महारुद्रनं दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तिला बोलणार न्हाय ना? लई भांडंल."

"नाही बोलत."

"न्हाय गिळत. गालात धरतो. ती म्हशीची धार काढाय गेली की भाईर काढतो."

"अहो, काय माणूस आहात! आणि फेकून देता?"

"फेकीन कशी? मुंबईची ताकदीची गोळी ती." महारुद्र लाजून हसला. "मला काय धाड भरलीय, साहेब? तीच लई खंगलीय. सकाळचा चहा म्याच करतो. कुटून तिच्या कपात घालतो."