काचेबाहेरची दोघं

टेसा दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आयसीयूत आली, तेव्हा नर्स लोर्ना माकीच्या मनात संशयानं घर केलं.

पोरगी अठरा वर्षांची, मधुमेही. रक्तात आम्ल चढलेलं, श्वासाला नासक्या फळाचा वास. इन्सुलिन तुटल्याशिवाय अशी गत सहसा होत नाही, आणि टेसा तर शपथेवर सांगायची की एकही सुई चुकली नाही. मग घरातल्या औषधाला कोण हात लावत होतं? फ्रिज आईचा होता.

आई ग्वेन घटस्फोटानंतर मुलीला घेऊन दलूथमध्ये राहायची. बाप डेल दर खेपेला फार्गोहून चार तास गाडी हाकत यायचा. पहिल्यांदा दोघं एकमेकांचं तोंडही बघत नव्हते. आता काचेबाहेर एकाच कपातली कॉफी पीत होते. ग्वेनचं ते निवांत बसणं लोर्नाला बघवेना. तिनं रुग्णालयाच्या समाजसेविकेच्या कानावर आपला संशय घातलाच.

दीड दिवस लोर्ना दर तासाला टेसाचं बोट टोचत राहिली. पोटॅशियम सांभाळलं. साखर उतरली तरी इन्सुलिनची धार तोडली नाही, जोडीला ग्लुकोज लावलं. अखेर आम्ल उतरलं. डॉक्टर म्हणाले, आता दिवसभर पुरणारी इन्सुलिनची सुई द्या आणि दोन तासांनी धारेचा पंप बंद करा.

ही सुई रुग्णानं स्वतः टोचून दाखवायची, असा तिथला रिवाज. टेसानं पोटाशी उशी कवटाळली होती. तिनं सुईचं पेन घेतलं, अंगावरची चादर वर ओढली. नऊ वर्षांचा सराव होता. लोर्नाची नजर काचेबाहेरच्या ग्वेनवर होती.

"घरी भीती वाटते का गं, बाळा?"

"घरी फार शांत असतं," टेसा म्हणाली. "बाबा आजच जाणार?"

लोर्नाचा जीव तुटला. या पोरीला त्या बाईच्या घरी पुन्हा धाडायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

दोन तासांनी ती पंपापाशी आली. बोट बटणावर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं झोपाळलेल्या टेसाची उशी सरळ केली. उशीवर नाण्याएवढा ओलसर डाग होता. लोर्नानं बोटं नाकाशी नेली. इन्सुलिनचा वास; पंचवीस वर्षं तिच्या हातांना हाच वास होता. नवरा त्यावरूनच तिला चालता दवाखाना म्हणायचा.

काचेबाहेर डेल गाडीची किल्ली शोधत होता.

टेसानं तिचं मनगट धरलं. "करा ना बंद," ती कुजबुजली. "म्हणजे दोघंही थांबतील."